कागदावरची पोटगी आणि ताटातली भाकरी

दिवाळी सरत आली की जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोड मजुरांच्या गाड्या निघू लागतात. मुकादमाच्या वहीत माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, कोपी जोडीची उभी राहते, मोळीही दोघांच्या हातांनी गाडीवर चढते. नवऱ्याने टाकलेली स्त्री या हिशेबात अर्धा कोयता ठरते. भावाच्या किंवा दिराच्या जोडीला जोड म्हणून जावे, नाहीतर गावातच राहून सरकी वेचावी, खुरपणीला जावे, एवढेच तिच्या हाती उरते. पदरी दोन लेकरे असली, तर तेवढेही सुखासुखी साधत नाही.

ही स्त्री समाजाच्याच नव्हे, शासनाच्याही कोणत्या रकान्यात नीट बसत नाही. विधवेजवळ मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेजवळ न्यायालयाचा हुकूमनामा असतो. टाकलेल्या स्त्रीजवळ काय असते? लग्नपत्रिका असलीच तर असते. आणि गावाला ठाऊक असलेली, पण कोणी लिहून न देणारी हकिगत असते. अशा स्त्रिया थोड्याथोडक्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत विभक्त राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या जवळपास तिप्पट निघाली होती. कायदेशीर घटस्फोट ही आपल्याकडे अजूनही थोड्यांची गोष्ट आहे. बहुतेकींना घटस्फोट दिला जात नाही, त्यांना नुसते माहेरी आणून सोडले जाते. महाराष्ट्रात हा प्रश्न चव्हाट्यावर आणण्याचे श्रेय १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवणाऱ्या अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांना दिले पाहिजे. त्यांची वैचारिक कुळी निराळी असेल. पण ज्या वेदनेला त्यांनी शब्द दिला, ती कुठल्याही एका विचारसरणीची मालमत्ता नव्हे. कुटुंबव्यवस्था हा या देशाचा कणा आहे असे जे अभिमानाने सांगतात, त्यांना तर या कण्याचा मोडलेला मणका सर्वांत आधी दिसायला हवा होता.

राज्य शासनाने या स्त्रीचा विचार केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० पासून सुरू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत परित्यक्ता, घटस्फोटित आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या स्त्रियांचा समावेश आहे. पोटगी न मिळालेली, किंवा योजनेच्या उत्पन्नमर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणारी घटस्फोटिता पात्र, असेही नियम सांगतो. २०१९ मध्ये हे अनुदान दरमहा ६०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, २०२३ मध्ये १,५०० झाले. रक्कम वाढली, पण वाढताना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा मात्र तिच्याबरोबर पुढे सरकली नाही. आणि खरी अडचण तिथेच आहे.

हिशेब साधा आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. उदाहरणादाखल, दोन मुलांसह माहेरी राहणारी एखादी स्त्री न्यायालयात जाते आणि प्रत्येक मुलामागे दरमहा १,००० रुपये पोटगी मंजूर करून घेते. दोन हजारांत दोन मुलांचे दूध, वह्या, दवाखाना यांतले काय भागते हे सांगण्याची गरज नाही. पण वर्षाचे होतात २४,०००. मर्यादा ओलांडली! तलाठ्याने आणि तहसील कचेरीने आदेशातला आकडा उत्पन्न म्हणून धरला, की वर्षाचे १८,००० रुपयांचे अनुदान गेले. बापाने महिन्याकाठी खरोखर दोन हजार पाठवले, तरी तिच्या हाती निव्वळ वाढ पडते ती पाचशे रुपयांची. आणि त्याने काहीच पाठवले नाही तर? कागदावर ती चोवीस हजारांची धनीण आणि घरात पीठ नाही, अशी तिची अवस्था होते.

यात एक विचित्र पेच दडलेला आहे. आपण टाकलेली आहोत हे सिद्ध करण्यासाठी या स्त्रीला सर्वांत भक्कम कागद मिळतो तो न्यायालयातूनच. दावा केला नाही, तर तिच्या परित्यक्तेपणाला पुरावा नाही; दावा केला आणि तो जिंकला, तर जिंकलेला कागदच तिच्या निराधारपणाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहण्याचा धोका! नियमातला शब्द ‘पोटगी मिळणारी’ असा आहे, ‘पोटगी मंजूर झालेली’ असा नाही. मिळणे आणि मंजूर होणे यांतले अंतर ज्याने तालुक्याच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात एक दिवस काढला असेल, त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे अंतर किती लांब आहे ते पाहण्यासारखे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हा गरीब स्त्रीचा आणि मुलांचा हुकमी आधार होता. तो कोणत्याही धर्माच्या स्त्रीला खुला होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. या कलमाखालील पोटगीवर महिना ५०० रुपयांची जी हास्यास्पद कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये काढून टाकण्यात आली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे त्याच वेळी ठरले. पण नोटीस बजावायची कोणावर? सहा महिने फडावर असलेल्या, आज या कारखान्याच्या हद्दीत तर उद्या कर्नाटकात असलेल्या माणसाला बेलिफाने गाठायचे कसे? आदेश झाला तरी वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, तोही रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत. नवऱ्याला तुरुंगात धाडता येते. तुरुंगात गेल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. मात्र तुरुंगात बसलेला मजूर कमावतही नाही, हे व्यवहाराचे सत्य उरतेच.

नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून आलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असा दंडक घालून दिला. निर्णय अत्यंत न्याय्य आहे. पण निराधार योजनेच्या चौकटीत त्याचा परिणाम काय होतो? तीन वर्षांनी निकाल लागला आणि महिना हजाराप्रमाणे ३६,००० रुपयांची थकबाकी एकदम हाती आली, तर त्या वर्षीचे तिचे ‘उत्पन्न’ मर्यादेबाहेर जाते. वास्तविक ते उत्पन्नच नव्हे. तीन वर्षे अर्धपोटी काढलेल्या दिवसांची ती उशिराने झालेली फेड आहे, आणि तिच्यातला मोठा वाटा बहुधा भावाचे आणि किराणा दुकानदाराचे देणे भागवण्यातच जातो.

जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने तर एक वेगळीच विसंगती उघड केली. तिथेही रक्कम १,५०० रुपयेच. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे ‘निराधार’ ठरण्यासाठी लावलेली चाळणी ‘बहीण’ ठरण्याच्या चाळणीपेक्षा जवळपास बारा पट बारीक! दोन्हीकडून लाभ घेता येत नाही, हे योग्यच. परंतु ज्या स्त्रीची गरज अधिक, तिलाच अधिक जाचक अट का, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही. लाडक्या बहिणीच्या अर्जांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. त्यानंतर टाकली गेलेली स्त्री त्या यादीत आलीच नाही. पुढे २०२५ मध्ये पती किंवा पित्याच्या आधार क्रमांकासह ई-केवायसी मागितली गेली. पती वा वडील हयात नसलेल्यांनी मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांनी घटस्फोटाचा दाखला वा न्यायालयाचा आदेश द्यावा, अशी सवलत नंतर मिळाली. पण जिचा नवरा जिवंत आहे, घटस्फोट झालेला नाही आणि जो आधार क्रमांक तर सोडाच, ठावठिकाणाही देत नाही, तिने काय जोडावे? पुन्हा तोच कागदाचा प्रश्न.

हा घोळ केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. ब्रिटनमध्ये एकट्या आईला मिळणाऱ्या सरकारी साहाय्यातून मुलांच्या पोटगीची रक्कम पै-पै कापली जात असे. बाप पैसे देई, सरकार तेवढेच कमी करी. मुलाच्या ताटात काहीच जास्त पडत नसे. साहजिकच बापालाही देण्यात रस नसे आणि आईलाही मागण्यात. पुढे आठवड्याला दहा पौंडांची, मग वीस पौंडांची सूट मिळाली आणि २०१० पासून मुलांची पोटगी हिशेबातून पूर्णपणे वगळण्यात आली. जर्मनीत निराळी वाट काढली गेली. बाप पोटगी देत नसेल, तर शासनच ठरावीक रक्कम मुलाला आगाऊ देते आणि नंतर बापाकडून वसूल करण्याच्या मागे लागते. पाश्चात्त्यांच्या कुटुंबजीवनाचे अनुकरण करावे असे कोणी म्हणणार नाही. पण मूल ही आईची मिळकत नव्हे, एवढी जाण त्यांच्या कायद्याने दाखवली असेल, तर ती घेण्यात कमीपणा कसला?

महाराष्ट्रातही या विचाराचे बीज आहेच. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलासाठी २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये देण्याची तरतूद आहे आणि घटस्फोट किंवा परित्याग यांमुळे एकल झालेल्या पालकांची मुलेही तिच्या कक्षेत येतात. इथे मुलाची गरज मुलाच्या नावाने मोजली जाते. मग निराधार योजनेतच मुलाच्या नावाने मंजूर झालेली पोटगी आईच्या खात्यावर का चढावी? मुलांची पोटगी उत्पन्नातून वगळावी. आईची स्वतःची पोटगी मोजायचीच असेल, तर मागील बारा महिन्यांत प्रत्यक्ष हाती पडलेली तेवढीच मोजावी. आणि थकबाकी एकरकमी मिळाल्यास ती त्या त्या वर्षांवर वाटून धरावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, महसुली यंत्रणेला एक स्पष्ट परिपत्रक पुरे. मंजूर पोटगी वसूल झाली नसल्याचे प्रमाणपत्र न्यायालयाच्या कार्यालयातून विनामूल्य आणि त्याच दिवशी मिळाले, तर तालुक्याच्या समितीसमोर त्या स्त्रीला पदर पसरून बोलावे लागणार नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहेच. जालन्याच्या विधी सेवा प्राधिकरणापर्यंत तिला पोहोचवण्याचे काम गावातल्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि सेवाकार्यात रमलेल्या संस्थाही करू शकतात.

एका तरतुदीकडे मात्र वकील मंडळींनी आवर्जून लक्ष द्यावे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम २० नुसार न्यायदंडाधिकारी नवऱ्याच्या मालकाला, किंवा नवऱ्याचे देणे लागणाऱ्याला, ती रक्कम थेट स्त्रीला देण्याचा वा न्यायालयात भरण्याचा आदेश देऊ शकतात. मुकादम किंवा साखर कारखाना या वर्णनात बसतो की नाही, ते न्यायालय ठरवील. पण ऊसतोडीत मजुरी मागाहून मिळत नाही, उचल आधी मिळते आणि मजूर वर्षभर ती फेडत राहतो. हंगाम सुरू झाला की मुकादमाकडे नवऱ्याचे काही येणे उरतच नाही, उलट त्याच्याच डोक्यावर देणे असते. म्हणजे आदेश लागू पडायचा असेल, तर तो उचल वाटली जाण्यापूर्वी, पावसाळ्यातच हाती असायला हवा. जून-जुलैत अर्ज पडला नाही, तर दिवाळीनंतर गाडी निघून गेलेली असते आणि त्या गाडीत दुसऱ्याच कोयत्याची जोड बसलेली असते.