आजीच्या ओसरीचा हिशेब

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून माणसे खाली उतरू लागतात. नाचणी-वरई घरात आलेली असते, पण ती वर्षभर पुरणारी नसते. भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर गेलेली जोडपी परततात ती पावसाच्या तोंडावर. मुले एकतर भट्टीवर जातात, नाहीतर आजीपाशी राहतात. शहरातील नातू आजोळी सुटीपुरता पाहुणा. येथला सहा महिन्यांचा रहिवासी!

आजीपाशी राहिलेल्या मुलाची शाळा व अंगणवाडी तुटत नाही. अमृत आहार योजनेतील अंडे किंवा केळे सहा वर्षांपर्यंतच्या बालकास अंगणवाडीत मिळते, भट्टीवर नव्हे. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना या अंड्याचे मोल सांगावयास नको.

पण ही आजी स्वतःच थकलेली. एप्रिलमध्ये ती दूरच्या विहिरीवर गेली म्हणजे घरात उरतात पेटती चूल आणि पोर. जमिनीवर निजलेल्या मुलास झालेला मण्यारीचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने हा धोका बराच टळतो. श्रावणबाळ योजनेचे २०२३ पासूनचे दरमहा १५०० रुपये आजीच्या वार्धक्यासाठी आहेत, नातवंडांच्या संगोपनासाठी नव्हेत.

बापाची मजुरी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. ती शक्य करणारी आजी धरली जात नाही. (आमच्या शास्त्राची ही जुनी खोड.) नातवंडे सांभाळणाऱ्या वृद्धांना शासनाने हंगामी मानधन द्यावे, आणि बाज-मच्छरदाणी दिवाळीपूर्वीच घरपोच करावी.