श्वासापाशी जागणारे



'घाटीला घेऊन जा!' जालना-बीडकडे धाप लागलेल्या माणसाच्या उशाशी हे वाक्य हमखास ऐकू येतं. १९५६ साली सुरू झालेल्या आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे घाटी रुग्णालय म्हणजे मराठवाड्याचा मोठा आधार. कोविडने एक धडा दिला: व्हेंटिलेटर ट्रकमधून आणता येतो, तो चालवणारा डॉक्टर मात्र घडवावाच लागतो. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, श्वसनविकारात एमडीची ३, पुढे डीएमची आणखी ३ किंवा अतिदक्षता उपचारांची फेलोशिप. तोवर तिशी उलटते.

म्हणून या अंकात आम्ही यंत्रांकडे नाही, शिकणाऱ्यांकडे पाहिलं आहे. पहाटे तीनला मनगटाच्या धमनीतून रक्ताचा नमुना घेणारा हात, पडद्यावरची लाट वाचून हवेचा दाब बेताने उतरवणारी नजर आणि दाराबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना खरं सांगण्याचं धाडस, या तिन्ही गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. आणि एवढं शिकून ही मुलं मुंबई-पुण्याची वाट धरणार, की इथेच थांबणार? त्यांनी थांबावं म्हणून शहर काय देऊ करतं?

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तुम्हीही रात्र काढली असेल. तिथे काय कळलं, काय खटकलं, जरूर लिहा. वाट पाहतो.

– संपादक