पाच स्पीकर आणि एक वेताची खुर्ची

आमच्या हॉलला एकही धड भिंत नाही. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याचे वर्णन ‘एल आकाराचा प्रशस्त हॉल’ असे होते आणि ते खोटे नव्हते. सोळा फूट लांब, दहा फूट रुंद हॉल आणि त्याला उत्तरेकडून फुटलेला जेवणघराचा फाटा. पण पूर्वेला भिंतीऐवजी गॅलरीचे सरकते दार. पश्चिमेला मुख्य दार आणि चपलांचे कपाट. उत्तरेला सात फूट भिंत झाली, की लगेच आतल्या खोल्यांकडे जाणारा बोळ. दक्षिणेची भिंत तेवढी अखंड, तर तिच्या बरोबर मध्यावर नऊ इंच पुढे आलेला खांब! आमचे सुतार एकदा म्हणाले होते, “साहेब, या हॉलला कोपरे सहा आहेत, पण वस्तू ठेवावी असा एकही नाही.”

अशा या हॉलमध्ये गेल्या वर्षी मोठा टीव्ही आणि पाच स्पीकरचा संच आला. संच चिरंजीवांनी आणला, पण त्यांच्यावर ढकलून मोकळे होण्यात अर्थ नाही. हौस माझीच होती. १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात मी ‘शोले’ पाहिला, तो सत्तर मिलिमीटरचा आणि स्टिरिओफोनिक आवाजाचा. घोड्यांच्या टापा पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्या, तेव्हा मी खुर्चीत मान वळवली होती. ती मान तेव्हापासून वळलेलीच राहिली, असे आमच्या घरी म्हणतात.

संचाबरोबर एक पुस्तिका आली. तिच्यात खोलीचा नकाशा होता. चौकोनी खोली, मध्यभागी सोफा, समोर टीव्ही. टीव्हीखाली एक स्पीकर, डावी-उजवीकडे दोन, मागच्या अंगाला दोन, आणि खर्जातल्या आवाजासाठी एक ठोकळा, म्हणजे सबवूफर. यामागे शास्त्र आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर असावेत. सगळे अंश ऐकणाऱ्याच्या डोक्यापासून मोजायचे. इथपर्यंत ठीक. पण नकाशातल्या त्या खोलीला दारच नव्हते! त्या घरातली माणसे आत आली कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि तोही मला पडला नाही. अंश ज्याच्या डोक्यापासून मोजायचे, ते डोके घरातल्या कोणाचे?

आम्ही ते माझे धरले. सात फुटांच्या भिंतीवर टीव्ही लागला. समोर, गॅलरी आणि खांब यांच्यामध्ये, तीन जणांचा सोफा आला. डावीकडचा मागचा स्पीकर खांबावर चढला, उजवीकडचा गॅलरीच्या दाराशी स्टँडवर उभा राहिला. सोफ्याला जागा व्हावी म्हणून एकच वस्तू हलवावी लागली, आईची वेताची खुर्ची. ती गॅलरीजवळच्या कोपऱ्यातून उचलून खांबाच्या पलीकडे, मुख्य दाराच्या बाजूला ठेवली. “टीव्ही तिथूनही दिसतो ना गं?” मी विचारले. “दिसतो की,” आई म्हणाली. आई शहाऐंशी वर्षांची आहे. या वयातली माणसे अशा प्रश्नांना दुसरे काय उत्तर देणार?

पहिले दोन आठवडे आनंदात गेले. पाहुण्यांना विमान डोक्यावरून गेल्याचे ऐकवून झाले. शेजारच्या वहिनींनी “मुलाची दहावी आहे हो,” असे अगदी हसत सांगितले, तेव्हा खर्जाचा ठोकळा त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या कोपऱ्यातून काढला. खोल आवाज भिंतीला जुमानत नाही, आणि कोपऱ्यात ठेवला की तो आणखी फुगतो. ठोकळा सोफ्याशेजारी रबराच्या तुकड्यावर आला आणि उलट अधिक बरा वाजू लागला.

मग एका रात्री एक विनोदी नाटक पाहत असताना माझे आईकडे लक्ष गेले. आम्ही हसलो की ती हसत होती, पण क्षणभर उशिराने. आमच्या चेहऱ्यांकडे पाहून. नाटक संपल्यावर मी विचारले, “आई, ऐकू येत नव्हतं का?” ती म्हणाली, “ऐकू येतं रे. कळत नाही.”

या चार शब्दांवर मी बराच विचार केला आहे. वय झाले की कानातून आधी जातात ते वरच्या पट्टीतले, बारीक आवाज. स, श, त, फ यांसारखी व्यंजने त्यावरच ओळखू येतात. स्वर खालच्या पट्टीत असल्याने ते शाबूत राहतात. म्हणजे बोलण्याचा आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. आपण रिमोट उचलून आवाज मोठा करतो आणि कर्तव्य पार पाडले असे समजतो. प्रत्यक्षात पार्श्वसंगीतही तितकेच मोठे झालेले असते. कानातले यंत्र आईकडे आहे, पण ते ती लग्नकार्याला लावते.

त्यातून आम्ही तिला बसवले होते कुठे, तर खांबावरच्या मागच्या स्पीकरच्या पुढ्यात! त्या स्पीकरमधून काय येते? पाऊस, गर्दी, टाळ्या, संगीताची आस. पात्रे बोलतात ती मुख्यतः टीव्हीखालच्या, मधल्या स्पीकरमधून, आणि तो तिच्यापासून सर्वांत दूर. दोन महिने माझ्या आईने टाळ्या ऐकल्या आणि नाटक ऐकलेच नाही. शिवाय जुन्या जागेवरून तिला खालचा रस्ता दिसे, मुख्य दारातून कोण आले ते कळे, आणि जेवणघरातल्या सूनबाईंशी बसल्या जागेवरून बोलता येई. खांबामागून तिला गॅलरीच दिसत नव्हती, आणि मुख्य दार पाठीशी. टीव्हीच्या निमित्ताने तिचे सगळे घरच आम्ही तिरके केले होते.

आमच्याकडे पहिला टीव्ही आला तेव्हा तो कोपऱ्यात तिरपा ठेवला होता. त्याची पाठ खोल असायची, ती कोपऱ्यात मावत असे, आणि स्पीकर बहुधा पुढच्या बाजूला असल्याने आवाज तोंडावर येई. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस माणसे सतरंजीवर बसत. सगळेच थोडे तिरके, पण कोणाची जागा कोणापेक्षा मोक्याची नसे. आताचा टीव्ही पाटीसारखा पातळ. त्याचे स्पीकर खाली किंवा पाठीमागे, म्हणजे तो बोलतो जमिनीशी नाही तर भिंतीशी.

माझे एक स्नेही म्हणतात, हे सगळे विकून टाका आणि हॉलमध्ये गप्पा मारा. मला ते पटत नाही. आईलाच तिची मालिका हवी आहे. तिच्या नावाने मी संन्यास का घ्यावा? आणि गंमत अशी, की आईला शब्द ऐकवण्याची युक्ती त्या पाच स्पीकरांच्या संचातच होती. संवादांना वेगळा स्पीकर आहे, म्हणजे बाकीचे तसेच ठेवून फक्त संवाद वाढवता येतात. साध्या टीव्हीत ही सोय सहसा नसते. चूक यंत्राची नव्हती. आम्ही मापे चुकीच्या डोक्यापासून घेतली होती.

म्हणून एका रविवारी सगळे उलट क्रमाने केले. आधी वेताची खुर्ची गॅलरीजवळच्या मूळ जागी नेली आणि मग बाकीचे तिच्याभोवती. तीन जणांचा सोफा मुलाच्या खोलीत गेला, दोन जणांचा खुर्ची आणि खांब यांच्यामध्ये मावला. मधला स्पीकर कपाटाच्या कप्प्यात खोल बसला होता, तो कडेपर्यंत पुढे ओढला आणि खाली पाचर मारून त्याचे तोंड आईच्या कानाच्या उंचीकडे केले. त्याचा आवाज चार डेसिबलने वाढवला. मालिका बहुधा दोनच वाहिन्यांच्या आवाजात येतात. त्यासाठी रिसीव्हरमध्ये एक सोय आहे. दोन्हींकडून सारखा येणारा आवाज, म्हणजे बहुतेक वेळा संवाद, तो वेगळा काढून मधल्या स्पीकरकडे धाडतो. ती सुरू केली. रात्री मोठे आवाज दाबून बारीक आवाज उचलण्याचीही सोय असते, तीही. पुस्तिकेत हे सारे अगदी मागच्या पानांवर होते.

गॅलरीच्या दाराशी भिंत नसल्याने उजवीकडचा स्पीकर पेल्मेटवर चढवला. तो खुर्चीपासून तीन फुटांवर, खांबावरचा सहा फुटांवर. पुस्तिकेच्या दृष्टीने हे पाप आहे. पण रिसीव्हरला दोन्ही अंतरे सांगितली, की तो जवळच्या स्पीकरला सेकंदाचे सुमारे पावणेतीन सहस्रांश थांबवून ठेवतो, आणि आवाज बरोबरीने पोचतात. जवळच्याचा जोर कमी केला. उघड्या फरशीवर सतरंजी आली, गॅलरीला जुना जाड पडदा परत लागला. खोलीत टाळी वाजवल्यावर जो झणका उठत होता तो बराच बसला. शब्द धूसर करण्यात त्याचाही वाटा असतो.

सोफ्यावर माझ्या जागी आता विमान डोक्यावरून जात नाही, खांबाकडून कुठून तरी जाते. चिरंजीव दिवाळीत आले तेव्हा पेल्मेटवरचा स्पीकर पाहून म्हणाले, “बाबा, हे कोणत्या नकाशात बसतं?” मी उत्तर द्यायच्या आत आईने हाताने गप्प राहण्याची खूण केली. मालिकेतली सासू काहीतरी बोलत होती. आई हसली. आम्हाला विनोद कळायला क्षणभर उशीर झाला.

“आणि आवाज जरा कमी कर रे,” ती म्हणाली, “कानात बसतो.”

मी कमी केला. खांबाकडे जाणारी तार मात्र अजून उंबऱ्यापाशी उघडीच आहे. तिच्यावरची पट्टी आणायची राहिली आहे.