अडवणाऱ्याची गाठ आधी घ्या

पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकापाशी गाडी जाण्याची वाट पाहत ज्यांनी तासच्या तास घालवले, त्यांना पुलाचे मोल सांगावे लागत नाही. पण पूल असो, शेड असो की साधे घर, काम सिमेंट-लोखंडापेक्षा माणसांपायी अधिक रखडते. आमचे ठेकेदार बंधू ही गोष्ट हिशेबात धरत नाहीत, म्हणून हा लेखप्रपंच.

जळगावच्याच शिवाजीनगर पुलाचे उदाहरण घ्या. इंग्रजांच्या काळातला जुना पूल २०१९ मध्ये पाडला गेला. नवा वाहतुकीस खुला होईपर्यंत २०२२ उजाडले. कामात रेल्वे होती, सार्वजनिक बांधकाम विभाग होता, महापालिका होती आणि वीज कंपनीही होती. मार्गातले विजेचे खांब कोणी हलवायचे व खर्च कोणी सोसायचा, यावर कागद फिरत राहिले. पूल ‘टी’ आकाराचा व्हावा ही रहिवाशांची मागणीही गाजत राहिली. खांब काही एका रात्रीत उगवले नव्हते आणि रहिवासीही तेथे पूर्वीपासूनच होते. हे प्रश्न जुना पूल पाडण्यापूर्वीच मिटवले असते, तर लोकांचा वळसा नक्कीच कमी झाला असता.

याउलट कोकण रेल्वे पाहा. १९९० मध्ये श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली महामंडळ उभे राहिले. जमीन बेचाळीस हजारांहून अधिक मालकांची होती. अधिकारी मालकांना प्रत्यक्ष भेटले, बोलले, आणि भूसंपादनाचे बहुतेक काम सुमारे वर्षभरात उरकले. गोव्यात मात्र मार्गास कडवा विरोध झाला. १९९३ मध्ये तेथील काही भागाचे काम थांबवून चौकशी झाली. तरी त्याच वर्षी मंगळूर-उडुपी टप्प्यावर गाडी धावू लागली होती. जानेवारी १९९८ मध्ये सारा मार्ग खुला झाला. गोड बोलले की विरोध मावळतो, असे मुळीच नाही. पण कोण अडणार व कशासाठी, हे ज्याला ठाऊक असते त्याचे उरलेले काम चालू राहते.

आता आपल्या धंद्याकडे वळू. समजा, पिंप्राळ्यात एका संस्थेच्या शेडचे काम घेतले. अध्यक्षांशी दर ठरला. पत्रे चढू लागले तेव्हा खजिनदार म्हणतात, ‘एवढी रक्कम मंजूरच नव्हती.’ देणगीदार म्हणतो, दरवाजा दुसऱ्या बाजूस हवा. शेजारी म्हणतो, पत्र्याचे पाणी माझ्या अंगणात पडते. अध्यक्ष गप्प. इकडे आठवडे बाजाराच्या दिवशी मजुरांचे पैसे द्यायचे असतात आणि लोखंडवाल्याची उधारी डोक्यावर असते. मोठ्या कंपनीला उशीर सोसतो. आपल्या कारागिरावर मात्र वेल्डिंग मशीन विकण्याची वेळ येते.

यास्तव आमचे म्हणणे असे की, बयाणा घेण्यापूर्वीच खजिनदार, देणगीदार व शेजारी या सर्वांना भेटावे. जो सर्वांत कटकट्या वाटतो, त्याच्याकडे सर्वांत आधी जावे. त्याची तक्रार खरी असू शकते. शेजाऱ्यासाठी पन्हळ व पाइप लावण्याचा खर्च एका बंद पडलेल्या आठवड्याच्या मजुरीहून बहुधा कमीच भरेल. बदल सांगण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यावा आणि त्याची सही घ्यावी. मालकाकडील अडचणीमुळे काम थांबल्यास त्या दिवसांची मजुरी कोण देणार, तेही लिहून ठेवावे. जो केवळ पैसे उकळण्यासाठी आडवा येतो, त्याच्या हातावर मात्र काही ठेवू नये. मालकाला लेखी कळवून मोकळे व्हावे.

काही बंधू म्हणतात, ‘चाचा, ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे बरे दिसत नाही.’ आम्हास तसे वाटत नाही. ओळख टिकावी म्हणूनच कागद हवा. तोंडी ठरलेली गोष्ट सहा महिन्यांनी दोघांना दोन प्रकारे आठवते, आणि मग पैशाबरोबर ओळखही जाते.

नवे काम हाती येताच मोजमापाच्या टेपाबरोबर एक वहीही न्यावी. तिच्या पहिल्या पानावर हे काम कोण कोण अडवू शकेल, त्यांची नावे लिहावीत. त्या प्रत्येकाशी बोलणे होईपर्यंत पहिला खड्डा खणू नये.