‘सिरॅमिक’ एवढंच लिहून भागत नाही

ताईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सांध्याची माहिती द्यायला आलेला तरुण म्हणाला, "काका, सिरॅमिक आहे. झिजायचा प्रश्नच नाही." ताई आधीच घाबरलेली, म्हणून मी गप्प बसलो. पण चिंचवडला तीस वर्षं बेअरिंगं तपासली आहेत. ते वाक्य काही घशाखाली उतरेना.

आमच्याकडे एकदा कोरी मोटर परत आली होती. गिऱ्हाइकाने ती एकदाही चालवली नव्हती, तरी हाताने फिरवली की खडखडायची. बेअरिंग कापून पाहिलं. रिंगवर, बरोबर गोळ्यांच्या अंतराने, लांबट खळगे, आणि त्यांत विटकरी पूड. ट्रकच्या प्रवासात मोटर जागच्या जागी थरथरत आली होती. गोळा सरकला असेल तो काही मायक्रॉन. नीट फिरला असता तर ग्रीस पुन्हा आत आलं असतं. नुसत्या थरथरीने ते बाजूला सरतं, उघड्या धातूला हवा लागते, आणि झालेला गंजच पॉलिशपेपरसारखा घासू लागतो. याला आम्ही फ्रेटिंग म्हणतो.

सिरॅमिक गंजत नाही, हे खरं. म्हणून त्याच्यावर पाण्याचा काहीच परिणाम होत नाही, असं मात्र नाही. सिलिकॉन नायट्राइडचे गोळे पाण्यात घासले की पाण्याशी क्रिया होऊन सिलिका तयार होते, अमोनिया सुटतो. पृष्ठभाग आरशासारखा होतो, घर्षण जवळजवळ नाहीसं होतं. बघणाऱ्याला वाटतं, वा! पण तो गुळगुळीतपणा म्हणजेच झीज.

झिर्कोनियाचं दुखणं वेगळं. ओलाव्यात त्याच्या कणांची रचना बदलते, प्रत्येक कण चारेक टक्क्यांनी फुगतो, पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक तडे जातात. खुब्यासाठी झिर्कोनियाचे गोळे बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने 1998 मध्ये भट्टीची पद्धत बदलली. त्यानंतरच्या काही बॅचमधले गोळे माणसांच्या शरीरात फुटू लागले, आणि 2001 मध्ये माल परत मागवावा लागला. साहित्य तेच, भट्टी वेगळी.

आज बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनात थोडा झिर्कोनिया मिसळलेला गोळा वापरतात. एक प्रकार तर चक्क गुलाबी असतो, क्रोमियममुळे. चांगला आहे, ताईलाही मी तोच घे म्हटलं. पण हा गोळा धातूच्या दांड्याच्या निमुळत्या टोकावर ठोकून बसवतात, आणि पाऊल टाकलं की तिथे माझ्या मोटरीसारखीच सूक्ष्म थरथर होते. धातूच्या गोळ्यापेक्षा त्रास कमी, शून्य नव्हे.

म्हणून माझा आग्रह आहे: डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘सिरॅमिक’ चालणार नाही. कोणतं सिरॅमिक, गोळ्याचा व्यास, दांडा कोणत्या धातूचा आणि बॅच नंबर, हे रुग्णाला न मागता मिळालं पाहिजे. आम्ही साध्या मोटरीच्या बेअरिंगचाही बॅच नंबर जपायचो. उद्या माल परत मागवला, तर आपला गोळा त्यातला आहे का हे रुग्णाने कशावरून ओळखायचं?

ताईच्या कार्डावर तो एकच शब्द होता. बाकी सगळं खोक्यावरच्या स्टिकरवर, आणि स्टिकर हॉस्पिटलच्या फायलीत. तीन चकरा मारल्यावर झेरॉक्स मिळाली. ताईने ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आहे. बॅच नंबर जरा पुसट आलाय, तो मी वर पेनाने गिरवून दिला.