बिलाला भाषा नसते, शेऱ्याला असते

भाषेच्या अंकात बिलांविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. साहित्य, संमेलने आणि शाळा सोडून आम्ही हिशेबाकडे का वळलो? कारण सामान्य माणसाचा सरकारशी संबंध कवितेतून येत नाही, कागदातून येतो. आणि आता तो कागदही उरत चाललेला नाही.

शासकीय खरेदीची बिले संगणकावरून जाऊ लागली आहेत. केंद्राचे 'जेम' हे खरेदीचे संकेतस्थळ २०१६ साली सुरू झाले. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने ई-बिल पद्धत आणली. पुरवठादाराने डिजिटल सही करून बिल पाठवायचे, ते कुठवर पोचले हे घरी बसून पाहायचे, आणि आधी आलेले बिल आधी निकालात निघायचे, अशी ही व्यवस्था. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक आहे, त्यांना वस्तू व सेवा कराचे ई-बीजक ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचे आहे. आमच्या भागातले बाके करणारे सुतार, छापखानेवाले, गणवेश शिवणारे बचत गट या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. पण सरकारी कचेरीला माल द्यायचा म्हटले की संगणकाचा पडदा त्यांच्याही पुढे येतोच.

या पद्धतीला आमचा विरोध नाही. बिल एखाद्याच्या खणात महिनोन् महिने पडून राहण्याची सोय तिने कमी केली, हे चांगलेच झाले. आमचे भांडण वेगळे आहे. "संगणकात मराठी बसत नाही," हे उत्तर आम्ही समितीच्या बैठकांतून पुष्कळदा ऐकले. हे उत्तर टिकणारे नाही. ई-बीजक म्हणजे मुख्यतः क्रमांकांची मांडणी. वहीला कोणी कोणत्याही भाषेत काहीही म्हणो, कराच्या लेखी ती ४८२०. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २९ असले की कर्नाटक, २७ असले की महाराष्ट्र, ३० असले की गोवा. यंत्र क्रमांक वाचते, शब्द माणसासाठी असतात. ते पडद्यावर कोणत्याही भाषेत दाखवता येतात. (आपल्या पूर्वजांनी व्यापाराचे हिशेब मोडीत ठेवले, तेव्हा बेरीज चुकल्याचे ऐकिवात नाही.)

युरोपीय संघात २४ अधिकृत भाषा आहेत. सरकारी खरेदीच्या ई-बीजकांविषयी त्यांनी २०१४ साली निर्देश काढला आणि पुढे सर्वांसाठी एक मानक ठरवले. त्यात बीजक क्रमांकाचा रकाना 'बीटी-१', तारखेचा 'बीटी-२'. पोर्तुगालच्या व्यापाऱ्याचे बीजक फिनलंडच्या कचेरीत गेले तरी कोणता रकाना कशाचा, हे कळायला एकमेकांची भाषा यावी लागत नाही.

खरी अडचण बिल परत येते तेव्हा होते. परत पाठवणाऱ्याने लिहिलेला शेरा हा एकच मजकूर असा, की तो मनुष्य लिहितो आणि दुसऱ्या मनुष्याला कळावा लागतो. तो इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये आला की आमचा सुतार तो कागदावर उतरवून शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे जातो. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असा २००६ चा कायदा सांगतो. पण बिल कशासाठी अडले हेच ज्याला समजले नाही, तो व्याज कशाच्या जोरावर मागणार?

यावरही तोड निघालेली आहे. युरोपातून पसरलेल्या 'पेपॉल' या व्यवस्थेत बीजक नाकारताना कारणाचा ठरावीक संकेत देता येतो: दर चुकला, संख्या चुकली, माल मिळाला नाही, दर्जा कमी, संदर्भ क्रमांक चुकीचा. अशी यादी वीस ओळींच्या आत बसते. ती एकदा मराठीत केली की झाले. कारकुनाने मराठी शिकावी, असा आमचा हट्ट नाही.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९५६ साली काढलेल्या निवेदनात, १५ ते २० टक्के अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही काढणे हिताचे ठरेल, असे म्हटले आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी भाषक किती, हे सांगायला नको. तेव्हा पडद्यावरील रकान्यांची नावे, बिल भरण्याच्या सूचना आणि नाकारण्याची कारणे, एवढे तीन मजकूर कन्नड व इंग्रजीच्या जोडीने मराठीत द्यावेत, एवढीच आमची मागणी आहे. भाषांतर शासनाला जड वाटत असेल, तर आमच्यातले शिक्षक ते उन्हाळ्याच्या सुटीत विनामोबदला करून देतील.