बलकाचं नाव

नेरळहून लोकलने कर्जत, मग रिक्षाने कोंदिवडे, पुढे पायवाट. आपली हॉस्टेलची पोरं पावसाळ्यात कोंढाण्याला जातात ती धबधब्यात भिजायला. पाण्यामागे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, हे मलाही तिथे पोचल्यावरच कळलं! चैत्यगृहाचा दर्शनी भाग नीट बघा, लाकडी बांधकामातले सज्जे, जाळ्या जशाच्या तशा कातळात उतरवल्यात. ब्राह्मीत एक ओळही आहे: हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं. केलं, म्हणून नाव घातलं. आमच्यातल्या एकाने किल्लीने स्वतःचं नाव आणि ब्रँच कोरली. मी अडवलं नाही, उलट हसलो. यंदा ज्युनियर्सना नेणार असाल तर आधी बलकाचं नाव दाखवा, धबधबा नंतर. आणि किल्ल्या खिशातच राहू द्या.